आठ भोकं

आमचे पूर्वज होळकरांच्या दरबारात कागद लिहीत. आम्ही पाट्या लिहितो. आमच्या मंडळाने दिलेला पाण्याचा माठसुद्धा पाटीशिवाय कुठे बसलेला नाही, आणि मजकूर ठरवणारा चिटणीस मी.

त्यामुळे शोभनाताईंनी मुलाच्या स्मरणार्थ बचावासाठी बोट द्यायचं ठरवलं, तेव्हा पितळी पाटी आधी तयार झाली. अनीश दोन वर्षांपूर्वी राऊकडच्या एका तलावात बुडाला. काठावर चाळीसेक माणसं होती, बोट नव्हती.

अ‍ॅल्युमिनियमची छोटी बोट आली. इंजिन बसवलं, तशी मागची बाजू पाण्यात दबू लागली. मागून कोणाला वर ओढायचं म्हटलं तर पाणीच आत येणार. मल्हारगंजातले वेल्डर पंढरीनाथ म्हणाले, इंजिनाच्या दोन्ही अंगांना हवाबंद पेट्या जोडू, त्या मागचा भार उचलतील. जोडल्या. सायकलच्या पंपाने हवा भरली, सांध्यांवरून साबणाचं पाणी फिरवलं. एक बुडबुडा नाही. मग ते जेवायला घरी गेले.

तेवढ्यात मी पाटी घेऊन पोचलो. एका पेटीची मागची बाजू सपाट, फोटोत नेमकी येणारी. बरोबरच्या इलेक्ट्रिशियनने ड्रिल चालवलं. चार रिव्हेट पुरतील म्हणाला. मीच आठ मारायला लावले. चार शोभत नव्हते.

पंढरीनाथ परतले तेव्हा शोभनाताई पाटीवरून हात फिरवत होत्या.

"भिया, हे कोणी केलं?" पंढरीनाथांनी मला विचारलं.

"मंडळाने," मी म्हणालो. एकट्याची चूक मंडळाची म्हणायची आमच्याकडे रीत आहे.

"मंडळात कोणाला डोकं आहे, की सगळे पदाधिकारीच?"

मी अध्यक्षांना फोन लावला. "काहीतरी चोपडून टाका म्हणावं," ते म्हणाले. "पाहुणे उद्या सकाळी येताहेत."

"चोपडलं तर काय होईल?" शोभनाताईंनी विचारलं.

"उद्या काही नाही, ताई. फोटो झकास येईल. पण थोडं थोडं पाणी झिरपत पेटी भरेल. मग जी उचलायला लावली, तीच खाली ओढेल. आणि ते कळेल कधी, तर कोणाला वर घेताना."

त्यांचा हात बराच वेळ अक्षरांवर होता.

"काढा," त्या म्हणाल्या.

"पण ताई, अनीशचं..."

"चिटणीस, त्याला पोहता येत नव्हतं. पाटीला येतं का?"

रिव्हेट निघाले, आता आठ भोकं वेल्डिंगने बुजवायची होती. बोटीचं नाक गल्लीत होतं, त्यामुळे वर्कशॉपचं दार लागेना आणि वाऱ्याने वेल्डिंगचा गॅस उडून जाई. पंढरीनाथ आडोशाला काही शोधत होते. शोभनाताईंनी पाटी उचलली आणि उभी धरली.

"ज्योतीकडे पाहू नका, ताई. डोळे जातील."

"नाही पाहत."

त्या पाटीकडेच पाहत होत्या. अक्षरं त्यांच्या बाजूला होती. पितळ तापलं असावं. मी हात पुढे केला, त्यांनी मान हलवली.

पुन्हा पंप, पुन्हा साबणाचं पाणी. त्या वाकून एकेक जागा पाहत आठपर्यंत मोजत गेल्या.

"नाही ना?"

"नाही, ताई."

त्यांनी पाटी पदरात गुंडाळली आणि घरी नेली.

दुसऱ्या दिवशी तलावावर पाहुण्यांनी पेटीवरचा पडदा सारला. खाली आठ राखाडी ठिपके. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पाहुण्यांनीही.

मग चार माणसं बसून बोट निघाली. शोभनाताई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या बोटीची मागची बाजू पाहत होत्या. ती पाण्यावर राहिली.