उजव्या नाकातली नथ

कुंभारीच्या माळावर सोमवारी सकाळी जमीन तडकली आणि आतून देवी वर आली. चांगल्या अर्ध्या किलोच्या, तळहाताएवढ्या चांदीच्या नाण्यावरच्या ठशात बसून! बायका लोटांगणं घालत होत्या, बापे मोबाईल उंच धरून उभे होते आणि रौप्यनाथ महाराज डोळे मिटून गरजत होते, "या नाण्याला मानवी हात लागलेला नाही! उजव्या नाकात नथ ल्यालेली ही माता कर्नाटकातून पाताळमार्गे चालत आली आहे!" अक्कलकोटचा चांगला डांबरी रस्ता सोडून देवी पाताळातून का आली, हे कुणी विचारलं नाही.

गर्दीत धोंडिराम होता. चाळीस वर्षं सोलापुरात नाण्यांच्या डाय, म्हणजे छापायचे ठसे, कोरलेला माणूस. नथ बघताच त्यानं ती ओळखली. ती त्यानंच कोरली होती.

पोलादी डायमध्ये सगळं उलटं कोरावं लागतं, तेव्हा नाण्यावर ते सुलटं उठतं. चांदीची चकती तापवून मऊ करायची, कड्यात बसवायची आणि दोन डायमध्ये धरून प्रेसखाली दाबायची. एवढं जाड नाणं एका दाबात उठत नाही. पुन्हा तापवायचं, पुन्हा दाबायचं. गेल्या दिवाळीत एका गिऱ्हाइकाचं हे काम करताना धोंडिरामनं मुकुट, त्रिशूळ, हात सगळं नीट उलटवलं आणि नथ तेवढी सवयीनं सुलट कोरली. नाण्यावर ती डाव्याऐवजी उजव्या नाकात गेली. गिऱ्हाईक हसलं, नाणं आणि डाय दोन्ही घेऊन गेलं. ही चूक धोंडिरामनं कुणाला सांगितली नव्हती.

"मामा, सुटले बगा मी!" शेजारची म्हाळसाबाई धावत आली. सांगोल्याकडची मेंढरं विकून ती इथं मजुरीला आली होती. तिची नऊ वर्षांची सृष्टी रोजच्या इन्शुलिनच्या सुईवर जगत होती. "म्हाराज म्हनले, सुई बंद. नाण्याचं तीर्थ पाजायचं. जोडवी वाहिली की मी."

"सुई बंद करू नगं, म्हाळसा."

"का? देवी खोटी हाय व्हय?"

आता बोलायला हवं होतं. पण बोललं की चाळीस वर्षांच्या हाताचं हसं होणार. "तसं न्हाय, पर..." म्हणत धोंडिराम घरी गेला. मंगळवारी तो गप्प बसला. बुधवारीही. भिंतीपलीकडं सृष्टी सारखी पाणी मागत होती आणि आई तिला तीर्थ पाजत होती.

गुरुवारी सकाळी पोरगी ओकली आणि धापा टाकू लागली. आईनं तिला उचलून माळावर नेलं. तेव्हा कुठं धोंडिरामनं पेटी उघडली. डाय कशी उठते हे बघायला शिशावर ठोकून काढलेला नमुना त्यात होता.

तो पोचला तेव्हा सृष्टीला देवीसमोर निजवलं होतं. त्यानं शिशाचा तुकडा नाण्याशेजारी ठेवला. तोच मुकुट, तोच त्रिशूळ, तीच नथ. "बगा. म्याच कोरलीया. नथ चुकली माजी."

महाराज गोड हसले. "वेड्या, मातेनं तुझ्याकडून आधी सराव करून घेतला!" लोकांनी टाळ्या पिटल्या.

धोंडिरामनं नाणं उचलून बाजूला टाकलं आणि खालच्या मातीत हात घातला. मूठभर हरभरे निघाले, टम्म फुगलेले, मोड आलेले. "खाली कोरडा हरभरा पुरायचा, वर नाणं, वर माती, आन् अभिषेकाचं पाणी. हरभरा फुगतुया, नाणं वर येतंया. हीच तुमची पाताळाची वाट!"

मघाशी पाया पडणाऱ्यांनीच मग महाराजांना चपलांनी बडवलं. त्या मजेत पोरीची शुद्ध हरपली, तिकडं गर्दीतल्या कुणाचं लक्ष गेलं नाही. धोंडिरामनं तिला आईसकट रिक्षात घातलं, पण मार बघायला जमलेल्या गर्दीतून रिक्षा निघायला अर्धा तास गेला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नाडी बघून हात खाली ठेवला. "काल आणली असती तरी वाचली असती."

म्हाळसाबाई रडली नाही. "मामा, ती नथ तुमी कवा वळखली?"

"सोमवारी."

तिनं पोरीच्या अंगावर पदर टाकला आणि त्याच्याकडं पाठ केली.

धोंडिराम आता तो शिशाचा तुकडा आणि भिजवलेले हरभरे घेऊन शाळाशाळांतून फिरतो. सगळं करून दाखवतो आणि शेवटी एवढंच म्हणतो, "कुनी चमत्कार दाखवला तर कसा केला ते इचारा. औषिद कुनाच्या सांगन्यावरनं सोडू नगा. आन् ज्याला खरं ठावं हाय त्यानं त्याच दिवशी बोलावं. माज्या लाजेपायी नऊ वर्सांची पोर गेली." म्हाळसाबाई त्याच्याशी अजून बोललेली नाही.