बंद न पडलेलं घड्याळ

डोळ्याचं ऑपरेशन करून लातूरहून घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी बुद्धवंदना झाली आणि सवयीनं हात फळीकडं गेला. फळी मोकळी.

तीस वर्षांच्या वर झालं, त्या गजराच्या घड्याळाला रोज सकाळी मी चावी देते. आधी चावी, मग चहा. हात रिकामा परत आला तसा जीव जागेवर राहीना. सुनेला हाक मारली, "विशाखा, घड्याळ कुठाय?"

ती लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "आत्याबाई, ह्यांनी दिलं. शाळेच्या बाई आल्या होत्या मागायला."

ह्यांनी म्हणजे माझ्या सुगतनं. तो भोकरला तहसीलात असतो, सुट्टीला घरी येतो. मी दवाखान्यात असताना त्यानं हा उद्योग केला. लगेच फोन लावला.

"माय, मास्तर लोकांनी मिळून एक पेटी केलीय," तो म्हणाला. "जुन्या वस्तू, प्रत्येक वस्तूसोबत एक कार्ड. पंधरा दिवस एका शाळेत, मग पुढच्या. पोरांना आपल्या भागाचा इतिहास हातात घेऊन बघता यावा म्हणून."

"इतिहास? आरं, मी जित्ती हाय अजून. आणि चावी कोण देतंय त्याला?"

तो हळू म्हणाला, "राहू दे की माय. बंद पडलं तर पडू दे."

तो असं का म्हणला ते मला ठाऊक होतं. म्हणून त्याच्यावर ओरडले न्हाई. पण घरात बसवेना. चपला घातल्या आणि आमच्या गावच्या शाळेत गेले. हेडमास्तर हणमंतराव व्हरांड्यातच भेटले.

"पेटी तर परवाच रेणापूरकडं गेली, कोंडाबाई."

"जाताना घड्याळ चालू होतं का?"

ते हसले. "भूकंपाचं घड्याळ चालू कसं राहील? तीन छप्पनला थांबलंय ते. पोरांनी वह्यांत चित्रं काढलीत, बघा."

एक वही उघडली, दुसरी उघडली, तिसरी. सगळ्या वह्यांत माझं घड्याळ, आणि सगळ्यांत काटे चारला चार मिनिटं कमी. एवढी पोरं, आणि खोटं एकच! कपाळ तापलं. असल्या थांबलेल्या घड्याळाची गोष्ट ह्या भागात ज्यानं त्यानं ऐकलेली हाय. भूकंप म्हणलं की घड्याळ थांबलंच पाहिजे, जसं काही त्याला वरून हुकूम होता.

दुसऱ्या दिवशी निघाले. विशाखा आडवी आली. "आत्याबाई, डोळ्यात धूळ जाईल. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डोळ्याला काळा चष्मा हाय. जिभेला काय बांधलेलं न्हाई. सरक."

जीपनं लातूर, तिथून बसनं रेणापूर. शाळा सापडायला दुपार झाली. पाचवीचा वर्ग भरलेला, टेबलावर लोखंडी पेटी उघडी. पेटीतल्या वस्तू जमवून तिच्यासोबत शाळोशाळी फिरणारी मालविकाबाईच शिकवत होती. लातूरची, तिशीतली, आवाज गोड.

"या आजी, बसा. कुणाच्या आजी तुम्ही?"

"त्या घड्याळाची."

घड्याळ उचललं. मुकं. शेजारी छापलेलं कार्ड. चष्मा वर करून वाचलं : 'भूकंपाच्या क्षणी थांबलेले घड्याळ. वेळ पहाटे ३.५६.'

"काटे कुणी फिरवले?"

बाईचं तोंड उतरलं. पण खोटं बोलली न्हाई, तेवढं मानते. "मीच, आजी. आलं तेव्हा पावणेदहाला बंद होतं. एका मुलानं विचारलं, भूकंप पावणेदहाला झाला का? मग वाटलं, मुलांना चटकन कळेल…"

"चटकन कळावं म्हणून खोटं. आणि खरं काय, सवडीनं कळायला ठेवलंय?"

पोरं खिदळली. मी म्हणलं, हसू नका, ऐका. मग उभ्यानंच सांगितलं.

"माझा मालक रामकिशन साखर कारखान्यावर होता. सकाळपाळी असली की पाचचा गजर लावायचा. हे घड्याळ त्याचंच. पण माझं सात वर्षांचं पोरगं ते उशाला घेऊन झोपायचं, टिकटिक ऐकत. लई शिव्या दिल्या मी त्यापायी. त्या रात्री आम्ही दोघं अंगणात होतो. पोरगं आत, माझ्या सासूजवळ. घराला नवी दगडी भिंत घातली होती, मोठ्या हौसेनं. ती भिंतच आली खाली. अंधार, धूळ, काही दिसंना. आम्ही अंथरूण होतं तिथं उकरायलो, तासभर उकरायलो, नखं गेली. पोरगं तिथं न्हवतंच. आणि पाचला गजर झाला. दगडाखाली, दाराच्या बाजूला, चार हात लांब. तिथं उकरलं आणि पोरगं निघालं. सासू गेली. घड्याळ चालूच होतं."

बाई म्हणाली, "आजी, अजून वाजतो गजर?"

तिथंच माझी जीभ अडली. ह्या घड्याळाला मागं दोन चाव्या. काट्यांची मी रोज देते. गजराची त्या दिवसापासून एकदाही दिली न्हाई. नंतर छावणीत एकदा शेजारच्या तंबूत दुसऱ्या कुणाचं तसलं घड्याळ वाजलं, तर सुगत किंचाळत रस्त्यापर्यंत पळाला होता. न्हाई वाजलं तर? तर कार्ड खरं ठरणार, आणि मी काळा चष्मा लावून भांडायला आलेली म्हातारी.

"वाजतो," म्हणलं. "डोळे मिटा सगळ्यांनी. दप्तरं हिकडं टाका."

दोन्ही चाव्या दिल्या. गजरवाली कुरकुरली. टिकटिक सुरू झाली. दोन मिनिटांवर काटा लावला आणि घड्याळ दप्तरांच्या ढिगात खाली खुपसलं.

दोन मिनिटं झाली. काही न्हाई. मागच्या बाकावर एकजण फिस्सकन हसला.

आणि मग खरखरलं, अडलं, आणि लागलं वाजायला! पोरं मिटल्या डोळ्यांनीच धावली. दप्तरं उडायली, डबे पडायले. लुंबिनी म्हणून एक बारकी पोरगी सगळ्यांत आधी पोचली. "हाय! हितं हाय!"

रामकिशन हेच ओरडला होता. मी खिडकीकडं तोंड केलं.

लुंबिनीनं विचारलं, "आजी, ते पोरगं आता कुठं हाय?"

"भोकरला. तहसीलात बसतंय, पोट सुटलंय."

पोरांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांना वाटलं होतं, इतिहासातली माणसं सगळी मेलेली असतात.

बाईनं जुनं कार्ड स्वतःच्या हातानं फाडलं. "सांगा आजी, मी लिहिते."

"मी लिहिते. चौथी नापास हाय, अडाणी न्हाई."

पाव तास लागला. लिहिलं : 'हे घड्याळ बंद पडलं न्हाई. ह्याच्या गजरानं सुगत सापडला. रोज चावी द्या.' खाली त्याचा फोन नंबर टाकला.

परतीच्या बसमध्ये बसते न बसते तोच सुगतचा फोन. "माय, काय केलंस तू? शाळेच्या बाईंच्या फोनवरून एक पोरगी बोलली. म्हणती, तुम्हीच का ते सापडलेले काका?"

"मग? काय म्हणलास?"

"हाव म्हणलो." मग त्यानं विचारलं, "वाजला का गजर?"

"वाजला. उशिरानं, पण वाजला."

"ती विचारायली होती, तुमची आजी दगडाखाली तुमच्या शेजारीच होती का म्हणून."

एवढ्या वर्षांत मी हे त्याला कधी विचारलं न्हाई. "मग?"

"येऊन सांगतो म्हणलो." लगेच पुढं म्हणाला, "माय, उद्या पोळ्याची सुट्टी. शाळा बंद. चावी कोण देणार?"

एवढा तमाशा केला आणि हेच ध्यानात आलं न्हाई!

"बाईंना फोन करून घड्याळ घरी न्यायला सांगू का?" तो म्हणाला.

"चावी द्यायचं फोनवर कळत न्हाई, हातानं दाखवावं लागतंय. एक वेढा जास्त झाला की आतली स्प्रिंग तुटती."

साडेतीन झाले होते, शाळा चारला सुटते. मी दांडा धरून उठले आणि कंडक्टरवर ओरडले, "ओ, थांबवा गाडी! उतरायचंय मला."