मधे पडायचं नाही

सर, माझ्या मुलीची शाळा तुम्ही सोडवलीत. वर्गातल्या गुरुजींचं मी वेगळं बघून घेईन. आज गाठ तुमच्याशी आहे.

मुलं शाळेत का टिकत नाहीत, यावर तुमची विद्यार्थिनी पीएचडी करत होती. तिला माझ्या मुलीच्या वर्गात थोडं शिकवायचं होतं, पोरांत मिसळायचं होतं. तुम्ही पद्धत ठरवलीत: नुसतं निरीक्षण. मागे बसायचं, लिहायचं, मधे पडायचं नाही. पडलीस तर वर्ग खरा राहत नाही. हे तिनंच आमच्या घरी चहा पिताना सांगितलं. "सर म्हणतात, भिंत हो."

"मग ताई, भिंतीचे गुडघे कसे दुखतात?" आमची ठकी म्हणाली. अडखळत म्हणाली, कारण ती अडखळतच बोलते. पण ताईपुढे तिला त्याची लाज नव्हती. पोरांच्या बाकात ताईचे पाय मावत नव्हते. मी ग्रिलचं काम करतो. उरलेल्या सळयांचं स्टूल जोडून दिलं. ठकीनं ते मिरवत वर्गात नेलं.

त्याच वर्गात गुरुजींनी तिला धडा वाचायला उभं केलं. ती पहिल्याच शब्दावर अडली. गुरुजींनी तिची नक्कल केली, एकदा नाही, वर्ग हसून लोळेपर्यंत. ठकीनं मागे वळून पाहिलं. ताई होती ना तिथे. ताईनं मान खाली घातली आणि लिहीत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून पोरीनं दप्तराला हात लावला नाही. तिच्या आईनं समजावलं, रागावली, शेवटी तिच्याशेजारी बसून रडली. काही उपयोग झाला नाही.

मग ताई आली. डोळे सुजलेले, हातात रेकॉर्डर. शाळा सुटलीच आहे तर आता मुलाखत घे, असं तुम्ही म्हणाला होतात. तिनं रेकॉर्डर चालू केला. ठकीनं एवढंच विचारलं, "त... ताई, तू का नाही बोललीस?"

 ताईला रेकॉर्डर बंद करायचंही सुचलं नाही.

मी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, पद्धतीच्या दृष्टीनं तिचं काही चुकलं नाही. नसेल. पण पोर मला रोज तेच विचारते आणि मी तोंड चुकवून कामावर जातो. पद्धत तुमची होती. घरी या, तिच्यासमोर बसा आणि तिला समजेल असं सांगा: ताई का बोलली नाही?