नागसेन गजभियेचं ताट

वेटरने सूप समोर ठेवलं आणि नागसेन गजभियेने आपला बाउल अलगद लेकीकडे सरकवला. "तुले आवडते ना हे," म्हणाला. मोनालीला सूप मुळीच आवडत नव्हतं. पण ते दाट करायला मक्याचं पीठ घालतात आणि ते बापाच्या रक्तात साखर होऊन उतरतं, हे तिला ठाऊक होतं. ती निमूट प्यायली.

समोर पद्मनाभपूरचे रंगारी नवराबायको बसले होते, राजकुमार आणि अंजनाबाई, मधे त्यांचा प्रशांत. पोरगा रेल्वेत, मोनाली नर्स. दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं. आज भिलाईच्या या हॉटेलात जेवून लग्न पक्कं करायचं, एवढंच उरलं होतं. नागसेनच्या शुगरबद्दल मात्र अवाक्षर काढायचं नाही, असं शीलाने, त्याच्या बायकोने, रुआबांध्याच्या घरून निघतानाच बजावलं होतं. मागच्या साली राजनांदगावचं स्थळ याच पायी हातचं गेलं होतं. बापाला आहे म्हणजे पोरीलाही होणार, असं म्हणून त्या लोकांनी पाठ फिरवली होती.

नागसेनला धाकधूक नव्हती. तीस वर्षं त्याने स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवली होती. आधी भार बघायचा, मग उचलायचा. बारा वर्षं तो ताटही तसंच बघत आला होता. घरून गोळी गिळून निघायची चूक त्याने एकदाच केली. त्या दिवशी हॉटेलातलं जेवण पाऊण तास उशिरा आलं आणि त्याला दरदरून घाम फुटला. तेव्हापासून जेवण टेबलावर आलं की हात धुवायच्या निमित्ताने उठायचं आणि बेसिनपाशी गोळी गिळायची.

आजही तो गोळी गिळून आला आणि कामाला लागला. आधी काकडी-कांदा, मग डाळ, मग तंदूरवरचं पनीर. काजूच्या गोडसर रश्श्याकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही. रोटी सगळ्यात शेवटी, आणि दोनाची मुभा असून एकच. लग्न पक्कं झालं की दोन्हीकडचे एकमेकांना गोड भरवणार, त्यासाठी त्याने जागा राखली होती. भाताचा आग्रह झाला तेव्हा सूप जरा जास्तच झालं म्हणून मोकळा झाला. मोनालीला ठसका लागला.

स्वारी खुशीत होती. सहज मान वर केली, तर अंजनाबाईंच्या ताटात त्याला आपलंच ताट दिसलं. काकडी आधी संपलेली, रोटी अर्धीच मोडलेली, भात पापडाखाली दडवलेला. राजकुमार हसत हसत बायकोला आणखी वाढत होते आणि चोरून तिच्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्याही घरून निघताना कुणीतरी कुणालातरी बजावलं होतं, हे नागसेनला उमगलं.

गुलाबजाम आले. राजकुमारांनी लग्न पक्कं म्हणून हात जोडले. शीला वाटी घेऊन अंजनाबाईंपाशी जाऊन उभी राहिली. बाई पोट भरलं म्हणाल्या, मग ओठच मिटून बसल्या.

"सोयरीक हाये, जोडीनं खा लागते. एक नाई चालत," शीला म्हणाली.

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. राजकुमार वेटरकडे बघू लागले.

नागसेनने नुसतं गप्प राहायचं होतं. पोरीचं लग्न ठरलं होतं, त्याचं गुपित शाबूत होतं. पण आपली झाकली मूठ या बाईच्या जिवावर ठेवायची, हे काही त्याला पटेना. त्याने आपल्या वाटीतल्या गुलाबजामाचे चमच्याने दोन तुकडे केले.

"शीला, बस खाली. मले शुगर हाये, बारा सालांपासून," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "म्या अर्धाच खातो. पोरीले होईन का नाई, ते मले सांगता येत नाई. पण झालं तर कसं खायचं, ते तिले येते."

शीलाने वाटी खाली ठेवली. मोनालीने प्रशांतकडे पाहिलंच नाही.

मग अंजनाबाईंनी आपली वाटी पुढे केली.

"तो दुसरा अर्धा मले द्या, इवाई," त्या व्याह्यांना म्हणाल्या. "माहंही तसंच हाये."

राजकुमारांनी मान खाली घातली. बाईंनी पदर सावरला, ताठ बसल्या आणि तो तुकडा सगळ्यांसमोर सावकाश खाल्ला.