असिलकानचा नऊ महिन्यांचा कोर्स

“हा दाखला भिंतीवर टांगलाय तो ठीक, पण तू हातानं करतोस काय?” असिलकाननं सरळच विचारलं.

टायरवाला ओशाळला. तीन आठवड्यांच्या कोर्सला त्यानं अठरा हजार सोम भरले होते, आणि दोन वर्षांनंतरही तो टायरच बदलत होता. दिवसाचे नऊशे मिळतात, म्हणाला.

बिश्केकच्या गाडीबाजारातली तिनं गाठलेली ही अकरावी टपरी. गाडीदुरुस्ती शिकवणाऱ्या सगळ्या संस्था आपल्या पत्रकांत भरघोस कमाईचे आकडे छापत. असिलकाननं पत्रकं घरीच ठेवली आणि शिकून बाहेर पडलेल्यांना गाठून विचारायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत तिला एवढं कळलं, की तीन आठवडेवाले टायरपाशी अडकले होते. नऊ महिने शिकून हायब्रिड गाड्यांची वीजजोडणी करणारे चौघे भेटले. त्यांतला एकही महिन्याला साठ हजारांच्या खाली नव्हता.

मात्र त्या चौघांत बाई एकही नव्हती.

असिलकान एकेचाळीस वर्षांची. शिवणाच्या कारखान्यात बाह्या जोडायची. ऐंशी हजार सोम तिनं साठवले होते ते मॉस्कोच्या तिकिटासाठी आणि तिथल्या कागदपत्रांसाठी. तिची थोरली बहीण तिथे दुकानाच्या फरश्या पुसून दरमहा पैसे पाठवायची. असिलकानसाठी कामाची जागाही तिनं बघून ठेवली होती. असिलकानच्या सहा वर्षांच्या मुलीनं, बेगायिमनं, आजीकडे राहायचं, हेही ठरलं होतं.

तिचा नवरा तोलोगोन वीटभट्टीवर होता. तिनं त्याला सगळं सांगितलं. फी त्रेसष्ट हजार. शिवाय नऊ महिने कारखान्यात अर्धा दिवसच जाता येणार, म्हणजे पगारही निम्मा. दीड लाखाच्या वर खड्डा पडणार होता. काम मिळालं तर पाच महिन्यांत भरून निघेल.

“आणि नाही मिळालं तर?” त्यानं विचारलं.

“तर मॉस्कोपण गेलं आणि पैसेपण गेले.”

तोलोगोन म्हणाला, “पोरगी तरी घरात राहील. भर पैसे.”

वर्गात सतरा पुरुष आणि ती. पहिला महिना थट्टेत गेला. इथे बटणं लावायची नाहीत, असं कुणीतरी तिला ऐकवलं. तिनं मनावर घेतलं नाही. बारीक तारा ओळीनं लावणं तिच्या बोटांना नवं नव्हतं. अवघड गेली ती पुस्तकं. ती शिवणयंत्रासमोर आकृत्या चिकटवायची आणि बाह्या जोडता जोडता पाठ करायची. परीक्षेत ती दुसरी आली.

पण नोकरी कुणी देईना. सात ठिकाणी नकार ऐकल्यावर सागिनबेक उस्तानं, म्हणजे एका गॅरेजच्या मालकानं, तिला ठेवून घेतलं ते सुटे भाग धुवायला. चार महिने तिनं पेट्रोलात हात बुडवले. पगार कारखान्यापेक्षाही कमी. बहिणीचा फोन आला की असिलकान मुलीबद्दलच बोलत राही.

ऑक्टोबरात डोंगरातल्या नारिनकडचा एक टॅक्सीवाला आला. घाट चढताना गाडीची बॅटरी तापायची आणि गाडी बंद पडायची. दोन कारागिरांनी संगणक लावून पाहिलं आणि बॅटरी गेल्याचं सांगितलं. नव्वद हजारांचा खर्च. एवढे पैसे गाडी विकल्याशिवाय कुठून आणायचे, एवढंच टॅक्सीवाला पुटपुटत होता.

असिलकाननं धुता धुता पडद्यावरचे आकडे पाहिले होते. तिनं हात पुसले आणि उस्ताला बाजूला घेतलं.

“उस्ता, बॅटरीचे सगळे खण सारखीच वीज देतायत. मेलेली बॅटरी अशी दाखवत नाही. तिला हवा मिळत नाहीये.”

“चुकलीस तर उद्या यायचं नाही,” सागिनबेक म्हणाला.

“नाही येणार.”

तिनं मागच्या आसनाशेजारची जाळी उघडली, आतला पंखा सोडवून बाहेर काढला. त्याच्या पात्यांना लोकर गच्च गुंडाळलेली होती. टॅक्सीवाला सीझनमध्ये मागच्या सीटवर लोकरीची पोती वाहायचा, आणि पंखा लोकर आत ओढत राहिला होता. तिनं कात्रीच्या टोकानं एकेक पातं मोकळं केलं, पंखा बसवला आणि टॅक्सीवाल्याला म्हणाली, “घाटापर्यंत जाऊन या. मी इथेच आहे.”

दोन तासांनी गाडी परत आली. टॅक्सीवाला हसत उतरला, सगळ्यांना ओलांडून तिच्यासमोर आला आणि दोन्ही हातांनी तिचा तेलानं काळा झालेला हात धरला. नव्वद हजारांच्या जागी त्यानं बाराशे दिले.

सागिनबेकनं दुसऱ्या दिवसापासून तिला कामाची स्वतंत्र जागा दिली. आठवडाभरात नारिनचे ड्रायव्हर तिचं नाव विचारत यायला लागले. तिसऱ्या महिन्यात तिनं एकाहत्तर हजार कमावले. वसंत येईपर्यंत फीही भरून निघाली आणि बुडालेला पगारही. तोलोगोनचा यावर विश्वास बसेना. तिनं त्याला दोनदा आकडे वाचून दाखवले.

मार्चमधल्या एका दुपारी अंगणात पाच गाड्या उभ्या होत्या आणि त्यांचे मालक बर्फाच्या चिखलात पाय आपटत थांबले होते. ती हात धुऊन जेवणाच्या फळीशी बसली. चहा ओतण्याचं काम तिथे सगळ्यात धाकट्याचं. त्या दिवशी किटली उचलली ती सागिनबेकनं. आदराच्या पाहुण्याला ओततात तसा त्यानं तिचा वाडगा अर्धाच भरला, म्हणजे पुन्हा पुन्हा भरून देता यावा.

असिलकाननं पाव मोडला आणि सावकाश चहा प्यायली. बाहेरच्या पाचजणांना थांबावंच लागलं.