पुलाव निवायच्या आत

ताश्कंदच्या मुलखातल्या मार्गिलान गावात लग्नाचा पुलाव भल्या पहाटे खातात, आणि तो खाताना माणसं अशी घाई करतात की जणू मागे कोणी काठी घेऊन उभं आहे. पहिली नमाज झाली की पुरुषमंडळी थेट हॉलवर. टेबलांवर नान, बेदाणे, हिरव्या चहाच्या किटल्या तयार. ताटं येतात, भराभर रिकामी होतात, कोणीतरी म्हातारा हात पसरून दुवा मागतो, सगळे तोंडावरून हात फिरवतात आणि उठतात, कारण पुढची पंगत दारात ताटकळत उभी असते. आणि हे सगळं चालू असताना कोपऱ्यातल्या चौथऱ्यावर पाच माणसं मकाम, म्हणजे तिकडचं जुनं शास्त्रीय संगीत, वाजवत असतात. ऐकतं कोण? खुद्द स्वर्गातली मंडळी येऊन वाजवायला बसली तरी ‘जरा मीठ सरकवा’ एवढंच ऐकू येईल तिथे.

या पाचांतला तंबूर वाजवणारा तोलिब. लांब मानेचा तंबूर मांडीवर आडवा धरायचा, तर्जनीला धातूची नखी चढवायची आणि समोर चाललेल्या चापण्याकडे न बघता वाजवायचं, हा त्याचा धंदा. पहाटे एक पुलाव, कधी दोन, मग घरी येऊन मेल्यासारखं झोपायचं. ताफ्याचा मालक सोदिक, म्हणजे तोलिबच्या बायकोचा धाकटा भाऊ. यजमानाशी बोलणं, गाडी, माइक, सगळं त्याच्याकडे. माणूस वाईट नव्हता. पण त्याचे कान त्याच्या मनगटावर होते, घड्याळाशेजारी.

आता मकामाची गंमत अशी की त्याला घाई चालत नाही. तो खालच्या सुरांत सुरू होतो, तिथे निवांत रेंगाळतो, मग मधल्या सुरांत येतो, आणि ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागला की मग वर चढतो. त्या वरच्या जागेला अवज म्हणतात. सगळा मकाम त्या अवजासाठी असतो. तिथे जाऊन आल्याशिवाय खाली उतरायचं नाही, असा जुना शिरस्ता. पण तोलिबचा ताफा अवजापर्यंत पोचेस्तोवर पहिली पंगत हात पुसून गाडीत बसलेली असायची, आणि दुवा मागणाऱ्या म्हाताऱ्याला वाद्यांच्या वरताण ओरडावं लागायचं. यजमान वैतागायचे.

“दाजी, ते वरचं काढून टाका,” सोदिक एकदा म्हणाला होता. “मधूनच उतरा. लोकांना शेवट झाल्यासारखं वाटलं की बास.”

“अरे गाढवा, अवज काढून टाकू? मग राहिलं काय?”

“पुढचं आमंत्रण राहिलं.”

तोलिब आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही. मग पोटापुढे कोणाचं चाललंय! त्याने मधल्या सुरांतून थेट उतारावर यायला पाच-सहा सुरांचा एक सांधा स्वतः बसवला, आणि असा बेमालूम बसवला की साथीदारांनीही वाहवा केली. सोदिक खूष, यजमान खूष. तोलिबने स्वतःची समजूत घातली, की हे पोटासाठी. पुरता मकाम घरी आहे, माझा आहे, तो कुठे पळून जातोय?

आणि त्याच्याकडे होता तो काही साधा नव्हता. त्याचे गुरू होशिम उस्ताद मकाम वाजवायचे तो सगळ्यांसारखाच, पण अवजावर आले की त्यांची वाट वेगळी. पुस्तकात लिहिलेल्या वाटेने ते वर जायचेच नाहीत. ऐकणारे मोठमोठे लोक डोळे पुसायचे. उस्तादांनी जन्मात कोणाला टेप लावू दिली नाही. “मशीनला दिलं की माणूस विसरतो,” म्हणायचे. दुसरे शागीर्द रशियाला गेले, दुकानात बसले, एक मौलवी झाला. तो अवज शेवटपर्यंत शिकला एकटा तोलिब, आणि उस्तादांना माती देऊनही आता बराच काळ लोटला होता.

त्या शरद ऋतूत शेजारच्या फर्गान्याच्या सरकारी मकाम मंडळीतला तंबूरवाला म्हातारपणामुळे घरी बसला. अशी जागा पिढीत एकदा रिकामी होते. पगार बेताचाच, पण तिथे कोणी जेवत नाही हो! लोक खुर्चीवर बसून ऐकतात, आणि मकाम पहिल्यापासून शेवटपर्यंत होतो. तोलिबने जन्मभर दुसरं काही मागितलं नव्हतं. त्याने निवडीच्या परीक्षेला नाव दिलं, आणि त्या दिवसापासून घरात वेगळ्याच ताठ्याने चालायला लागला.

बायको हुस्निया लग्नाच्या रजया शिवायची. तिची जीभ तिच्या सुईइतकीच धारदार.

“अहो, एकदा पूर्ण वाजवून तरी बघा. मी मशीन बंद ठेवते, दार लावून घेते.”

“मासळीला पोहायला शिकवतेस?”

“मासळीचं मला काय माहीत. महिनाभर मी तुम्हाला घोरतानाच ऐकतेय.”

“जन्म गेलाय माझा त्यात. रोज पहाटे वाजवतो ते काय आहे मग?”

खरं सांगायचं तर बसायचं त्याच्या मनात होतं. दोनदा त्याने तंबूर खुंटीवरून काढला, तारा लावल्या, आणि तेवढ्यात डोळा लागला. लग्नसराई ऐन भरात होती. पहाटे तीनला उठलेला माणूस दुपारी काय डोंबल वाजवणार? आणि मनात खोल कुठेतरी गर्वही होता, हे कशाला लपवा. आपल्याकडे जे आहे ते दुसऱ्या कोणाकडे नाही, मग उजळणी कसली करायची, असं त्याला वाटायचं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सोदिक दारात हजर.

“दाजी, उद्या पीठगिरणीवाल्याकडचा पुलाव आहे. मोठं घर आहे. नाही म्हणू नका.”

“उद्या माझी परीक्षा आहे, विसरलास?”

“परीक्षा दहाला. आपण सातला मोकळे. मी स्वतः तुम्हाला फर्गान्याला सोडतो. हात गरम राहतील, बघा!”

“दुसरा बघ कोणीतरी.”

“कुठून आणू? एक इस्मत तंबूर वाजवतो, तो ताश्कंदला गेलाय.” सोदिक उंबऱ्यावर बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “दाजी, रागावू नका. तिथला पगार तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे. उद्या तिथे बसलात तरी रविवारी माझ्याकडेच यायचंय ना?”

हे झोंबलं, कारण खरं होतं. मुलगी नर्सिंगच्या कॉलेजात होती, आणि तिची फी काही मकाम ऐकून भरली जात नव्हती. तोलिब हो म्हणाला. हुस्निया आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली नाही. तिने त्याचा पांढरा शर्ट काढला आणि इस्त्री इतकी जोरात आपटली की सोदिक निरोप न घेताच सटकला.

सकाळ सुरेख गेली. गिरणीवाल्याकडे तीन पंगती झाल्या, तीनही वेळा म्हाताऱ्याचे हात दुवेसाठी पसरायला आणि तोलिबचा शेवटचा सूर विरायला एकच गाठ पडली. सोदिकने खुशीत अंगठा दाखवला. शब्दाप्रमाणे त्याने दाजींना फर्गान्याला सोडलंही.

परीक्षेच्या खोलीत तिघं बसली होती. दोघे पुरुष त्या सरकारी मंडळीतले, आणि मध्ये मस्तुराआपा. आपा एके काळच्या मोठ्या गायिका. आता आवाज गेला होता, गुडघे गेले होते, पण कान तसेच तिखट होते. तोलिबच्या आधी कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली एक मुलगी वाजवून गेली. दाराआडून त्याने ऐकलं. दोनदा सूर चुकली, वर चढताना तर पार धडपडली. तोलिबला तिची दयाच आली. बिचारी, तो मनात म्हणाला, अजून वेळ आहे हिला.

मग तो बसला. नखी चढवली आणि सुरू केलं. काय वाजवलं म्हणता! समोर कोणी खात नव्हतं, भांडं वाजत नव्हतं, आणि तीन माणसं फक्त त्याच्यासाठी श्वास रोखून बसली होती. खालचे सूर त्याने असे भरले की एका परीक्षकाने डोळे मिटले. मधल्या सुरांत बोटं आपोआप पळायला लागली. तोलिबचं काळीज भरून आलं. यासाठीच, यासाठीच तर एवढी वर्षं काढली, असं त्याला वाटत होतं. शेवटचा सूर विरला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. खोलीत कोणी बोलेना. भारावून गेलेत, त्याला वाटलं.

“आणि अवज?” मस्तुराआपा म्हणाल्या.

“काय आपा?”

“अवज राहिला ना, बाळा.”

“वाजवला की.” तोलिब हसला. बाकीचे दोघे खाली बघायला लागले, तेव्हा त्याचं हसू तोंडावरच वाळलं.

“मधल्या सुरांतून तू सरळ खाली आलास. तो सांधा कोणाचा?”

“माझा,” तो म्हणाला. काय झालंय ते त्याला आत्ता कळलं होतं.

“छान आहे. शिवण कुठे दिसत नाही,” आपा म्हणाल्या. “इतकं सुंदर कापलेलं मी आजवर ऐकलं नव्हतं. पुलावासाठी बसवलंस?”

त्याने मान हलवली.

“बरं. होतं असं. पुन्हा वाजव. मधल्यापासूनच घे. मला चढवत नाहीत हे जिने, तरी आले, ते होशिमअकांच्या, तुझ्या उस्तादांच्या, अवजासाठी. तरुणपणी एकदाच ऐकला होता मी. मला आठवत नाही, पण त्या दिवशी घरी गेल्यावर मी जेवले नव्हते एवढं आठवतं.”

तोलिबने मधल्यापासून घेतलं. बोटं पळाली आणि सांध्यावरून खाली उतरली. तो थांबला, माफी मागितली, पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. हात कसला ऐकतोय! वळण आलं की घोडा तबेल्याकडेच वळत होता. तिसऱ्या वेळी त्याने तंबूरच्या एकेका पडद्यावर नजर ठेवून, शिकाऊ पोरासारखं हळूहळू नेलं, आणि सांध्याच्या तोंडाशी हात अक्षरशः धरून थांबवला. वरचे दोन सूर लागले. दोन्ही उस्तादांचेच होते. मस्तुराआपा पुढे झुकल्या. पण त्या दोन सुरांपुढे काहीच नव्हतं. हात नाही, कान नाही, आठवण नाही. त्याने उस्तादांचा चेहरा आठवला, त्यांची बोटं आठवली, त्यांच्या अंगणातली जर्दाळूची सावलीसुद्धा आठवली. सूर तेवढे आले नाहीत.

घाबरून त्याने पुस्तकातला अवज सुरू केला. आपांनी हात वर केला.

“राहू दे. तो सगळ्यांना येतो.”

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या दमल्यासारख्या दिसत होत्या. “ती मुलगी चुकते, पण वर जाते,” त्या म्हणाल्या. “तुझा हात तिच्या दसपट चांगला आहे. म्हणून तर जीव तुटतो.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. तोलिब शेअर गाडीत मागच्या सीटवर बसला आणि गाडी सुटायच्या आत सोदिकचा फोन आला.

“काय झालं, दाजी?”

“नाही झालं. कॉलेजातल्या एका पोरीला घेतलं.”

“अरेरे. वशिला असणार त्या पोरीचा, अजून काय! मनाला लावून घेऊ नका. आणि ऐका, गिरणीवाला तुमच्यावर बेहद्द खूष आहे. म्हणाला, पुलाव निवायच्या आत चोख संपवलं, असा तंबूरवाला पाहिला नाही.”

तोलिबच्या तोंडात शिवी आली होती. पण ती घालायची कोणाला? अवज कापायला सोदिकने सांगितलं होतं, ते खरं. कापला कोणी? आणि वर वाहवा कोणी घेतली? त्याने फोन बंद केला आणि घर येईस्तोवर आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला.

हुस्निया अंगणात अर्धवट शिवलेल्या रजईत कापूस भरत बसली होती. त्याचा चेहरा बघितला आणि तिने टोमणा गिळला. तो चपला न काढता तिच्यासमोर बसला, आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मग तंबूर काढून पुन्हा वाजवायला लागला. पुन्हा, पुन्हा. दर वेळी मधल्या सुरांतून खाली. दोन सूर वर, आणि मग भिंत. शेवटी त्याने नखी काढून टाकली.

“तू ऐकलायस तो,” तो एकदम म्हणाला. “आपलं लग्न झालं तेव्हा मी रोज वाजवायचो. तू शेजारच्या खोलीत असायचीस.”

“असायचे ना. काम टाकून ऐकत बसायचे. तुमची आई ओरडायची मला.”

“मग सांग ना. नुसतं गुणगुण. वाकडंतिकडं चालेल. कसं होतं ते, हुस्निया?”

त्याने तिला नावाने हाक मारायला किती वर्षं झाली होती कोण जाणे. तिने हातातला कापूस खाली ठेवला, डोळे मिटले. ओठ हलले, जरासा आवाजही निघाला, मग थांबला. पुन्हा प्रयत्न केला. तोलिब तिच्या तोंडाकडे बघत होता, तहानलेला माणूस बादली वर येताना बघतो तसा.

“नाही हो आठवत,” ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. “छान होतं, एवढंच आठवतंय.”