लाल पाण्याची परात

बेटेगावच्या पत्र्याच्या मंडपात गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. खंडेराव महाराजांनी समिधाचे पाय पिवळ्या पाण्याच्या परातीत ठेवायला लावले, वरून तांब्यातलं 'तीर्थ' सोडलं, आणि पाणी रक्तासारखं लालभडक झालं. बाया किंचाळल्या.

"बघितलंत? पुरुषाचा आत्मा शिरलाय! म्हणून दाढी येते, म्हणून पाळी येत नाय. त्या फिटच्या गोळ्या त्याचं खाद्य हाय. आजपासून बंद!"

समिधाने पदराने हनुवटी झाकली. शंभर माणसांत तिच्या पाळीची चर्चा झाली होती, आणि तिला तिथे आणलं होतं तिच्याच नवऱ्याने. ललित तारापूरच्या कारखान्यात ऑपरेटर, बारावी सायन्स झालेला. पण बायकोच्या हनुवटीवरचे राठ केस आणि शेजारणींची कुजबुज यांनी तो पार गोंधळला होता. घरी येऊन त्याने गोळ्या कचऱ्यात टाकल्या.

"या गोळ्यांवर चार वर्षं फिट आली नाय मला," समिधा एवढंच म्हणाली.

पाचव्या दिवशी उकळत्या डाळीपुढे ती कोसळली. पालघरच्या दवाखान्यात नेईपर्यंत झटके थांबेनात. हात कोपरापर्यंत भाजला होता.

"गोळ्या कुणी बंद केल्या?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मी."

"काही बायकांना या गोळीने हार्मोन्सचा त्रास होतो. पाळी चुकते, चेहऱ्यावर केस येतात. सांगितलं असतंत तर तपासून हळूहळू दुसरी गोळी सुरू केली असती. एकदम बंद केली की जिवावर बेततं."

"पण महाराजांच्या परातीतलं पिवळं पाणी लाल झालं, ते?"

"तुमच्या लग्नात कशाने ओवाळलं होतं?"

ललितची मान खाली गेली. हळदीच्या पाण्यात चुना! त्याच्या आईनेच कालवला होता.

"डॉक्टरांना सांगायची मलापण लाज वाटली," पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत समिधा म्हणाली. "तुमी मात्र सगळ्या गावात सांगितलंत."



समिधा घरी आल्यावरच्या गुरुवारी ललित मंडपात गेला आणि स्वतःच हळदीच्या परातीत उभा राहिला.

"मंत्राशिवाय काय होणार नाय!" महाराज गरजले.

ललितने खिशातल्या बाटलीतली चुन्याची निवळी ओतली. पाणी लाल झालं. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या आनंदीबाईंनी वाकून बोट बुडवलं.

"अगं बाई, हे तर ओवाळायचं पाणी! आमी किती लग्नांत केलं!"

लोक हसले. महाराज तांब्या उचलून मागल्या दाराने निघाले. ललित मात्र हसला नाही.

"त्यांनी फसवलं, पण गोळ्या मी फेकल्या," तो म्हणाला. "आजार अंगाचा असतो, त्यात भूत नसतं. औषध सोसत नसेल तर डॉक्टरांना विचारा. लाज वाटली तरी विचारा. मी विचारलं नाय, आणि भाजला तिचा हात."